इशारा गल्लीपर्यंत कसा पोहोचतो : कुर्ल्याच्या मिठीकाठाचे प्रकरण

19 ऑगस्ट 2025 रोजी सकाळी कुर्ल्याजवळ मिठी नदीची पातळी 3.9 मीटरवर गेली आणि काठावरच्या क्रांतीनगरमधील सुमारे 350 रहिवाशांना जवळच्या महापालिका शाळेत हलवण्यात आले. आदल्या दिवशी दुपारी विहार तलाव भरून वाहू लागला होता, पवई तलाव जूनमध्येच भरला होता, आणि या दोन्ही तलावांच्या सांडव्यांचे पाणी ज्या नदीत उतरते ती मिठीच. त्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला 238 मिलिमीटर, विक्रोळीला 255 मिलिमीटर आणि कुलाब्याला 110 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. हवामान खात्याचा रेड अलर्ट होता, शाळांना सुट्टी दिली होती आणि खासगी कार्यालयांनी कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावे असे आवाहनही झाले होते. क्रांतीनगरची माणसे हलली, पुढे पाणी ओसरले आणि वर्तमानपत्रांत त्या दिवसाची मुख्य बातमी बंद पडलेल्या मोनोरेलची झाली.

पुराच्या पूर्वसूचनेबद्दल बोलताना आपण सहसा फसलेल्या दिवसांबद्दल बोलतो. हे प्रकरण निवडण्याचे कारण उलटे आहे. येथे इशारा दिला गेला, ज्यांना तो लागू होता त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि त्यावर कृतीही झाली. ती का होऊ शकली आणि त्याच शहरात, त्याच आठवड्यात, त्याच लाल रंगाखाली इतरत्र ती का होत नाही, याचा माग काढला तर मुंबईने गेल्या वीस वर्षांत काय उभे केले आणि काय उभे करायचे राहिले, हे दोन्ही दिसते. मी कुर्ल्यातच राहतो आणि पावसाळ्यात या काठाने बऱ्याचदा जातो. त्यामुळे काही गोष्टी कागदावरच्या आहेत, तर काही डोळ्यांनी पाहिलेल्या.

जुलै 2005 : दोन आकडे

26 जुलै 2005 ची आठवण मुंबईकराला नव्याने सांगावी लागत नाही. पण पूर्वसूचनेच्या दृष्टीने त्या दिवसाचे दोनच आकडे शेजारी ठेवले तरी पुरते. 27 जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ वेधशाळेने 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि कुलाब्याने 74 मिलिमीटरच्या आसपास. दोन ठिकाणांत जेमतेम पंचवीस किलोमीटरचे अंतर आहे. विहार तलावाच्या परिसरात तर हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. दुपारी दक्षिण मुंबईतल्या कार्यालयांच्या खिडकीतून पाहणाऱ्याला जे आभाळ दिसत होते, त्यावरून कलिना, कुर्ला, साकीनाका येथे काय चालले आहे याची कल्पना येणे शक्यच नव्हते, आणि शहराचे निर्णय घेणारी बहुतेक कार्यालये तेव्हाही दक्षिण टोकालाच होती.

कुलाब्याची वेधशाळा 1826 सालची. म्हणजे पाऊस मोजण्याची परंपरा या शहरात जवळपास दोनशे वर्षांची आहे. उणीव मोजणाऱ्यांची नव्हती. उणीव होती ती मोजमापाच्या दाटीची आणि वेगाची. सव्वाचारशे चौरस किलोमीटरहून मोठ्या शहरासाठी हवामान खात्याच्या दोन वेधशाळा होत्या. ढगांची दाटी आणि दिशा टिपणारे डॉप्लर रडार मुंबईत नव्हते. पडणारा पाऊस तासाभराने नव्हे, पंधरा मिनिटांनी कळला पाहिजे, ही गरज ठळकपणे कोणी मांडली नव्हती. पर्जन्य जलवाहिन्यांची जुनी व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा हिशेबाने बांधलेली होती, तीही ओहोटीच्या वेळी आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल असे धरून. शहरातल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी केलेल्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने 1993 मध्येच ही क्षमता ताशी 50 मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली होती. त्या अहवालाला 2005 च्या आधी बारा वर्षे मिळाली होती, एवढेच येथे नोंदवतो.

पुरानंतर जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि 2006 मध्ये तिचा अहवाल आला. नदीपात्र, नाले, भराव या विषयांवरच्या तिच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ चर्चा झाली. त्या मानाने पाऊस शहरभर स्वयंचलित यंत्रांनी मोजण्याच्या कामाकडे लोकांचे लक्ष कमी गेले, आणि माझ्या मते 2005 नंतर झालेल्या कामांपैकी सर्वांत टिकाऊ काम तेच ठरले.

बादलीचा हिशेब

2006 च्या पावसाळ्यापासून महापालिकेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने शहरात स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायला सुरुवात केली. जागा निवडली ती अग्निशमन केंद्रांच्या इमारतींची, आणि ही निवड शहाणपणाची होती. अग्निशमन केंद्रात चोवीस तास माणूस असतो, वीज आणि दूरध्वनी असतो, इमारत सरकारी असल्याने परवानगीचा प्रश्न नसतो आणि केंद्रे शहरभर बऱ्यापैकी विखुरलेली असतात. पुढे यंत्रांची संख्या 60 वर गेली, शाळा आणि इतर पालिका इमारतींचीही भर पडून ती आता शंभराच्या पुढे आहे. दर पंधरा मिनिटांची नोंद आपत्कालीन व्यवस्थापन कक्षाकडे जाते आणि ती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

हे यंत्र जवळून पाहिले तर फार साधे आहे. वर एक गोल नरसाळे, त्याखाली तराजूच्या दांड्यासारखी मधोमध टेकवलेली दोन चिमुकल्या खणांची बादली. एका खणात ठरलेले पाणी साठले, बहुतेक यंत्रांत 0.2 किंवा 0.5 मिलिमीटर पावसाइतके, की बादली कलंडते, पाणी सांडते, दुसरा खण नरसाळ्याखाली येतो आणि प्रत्येक कलंडण्याची एक विद्युत खूण नोंदली जाते. पंधरा मिनिटांत किती वेळा बादली कलंडली, हाच पाऊस. यात बिघडण्यासारखे काही नाही असे वाटते. प्रत्यक्षात नरसाळ्याच्या भोकात पिंपळाचे एक पान, कबुतराचे पीस किंवा संक्रांतीच्या पतंगाचा तुकडा अडकला की यंत्र धो धो पावसात शून्य दाखवते. पाऊस फारच जोराचा असेल तर बादली कलंडण्याच्या क्षणी पडणारे पाणी हुकते आणि नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी येते. म्हणजे ज्या दिवशी आकडा सर्वांत महत्त्वाचा, त्याच दिवशी तो किंचित कमी असतो. यंत्र घेण्यासाठी निधी एकदा मिळतो, नरसाळे पुसण्यासाठी तो दर वर्षी लागतो. विकसनशील देशांतल्या पूर्वसूचना यंत्रणांचा इतिहास पाहिला तर त्या बहुतेक या दुसऱ्या निधीवरच अडखळल्या आहेत, आणि त्या निधीला उद्घाटनाची फीत नसते.

मिठीच्या बाबतीत या नोंदीचे मोल एका साध्या गुणाकाराने कळते. नदीचे पाणलोट क्षेत्र सुमारे 73 चौरस किलोमीटर आहे. या क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सात कोटी लिटरहून जास्त पाणी पडले. पवई, मरोळ, साकीनाका हा भाग आता इतका काँक्रीटखाली गेला आहे की त्यातले मुरणारे पाणी थोडेच. बाकीचे नाल्यांतून नदीत येते आणि नदी फक्त 18 किलोमीटर लांबीची असल्यामुळे ते यायला फार वेळ लागत नाही. कुर्ल्याला कळायला हवे ते कुर्ल्यात किती पाऊस पडतो आहे हे नव्हे. त्याला मरोळ आणि पवईचे आकडे हवेत. चाळीतल्या माणसाला आपल्या पत्र्यावर वाजणारा पाऊस ऐकू येतो, त्याच्या घरात शिरणारे पाणी मात्र दुसऱ्या कोणाच्या पत्र्यावर पडलेले असते.

तीन तास, सहा तास, बहात्तर तास

पडलेला पाऊस मोजणे ही एक गोष्ट आणि पडणारा पाऊस सांगणे ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीत मुंबई तीन टप्प्यांनी पुढे गेली. कुलाब्याचे डॉप्लर रडार 2010 मध्ये आले. त्यामुळे समुद्रावरून येणारे ढग किती दाट आहेत आणि कोणत्या दिशेने सरकत आहेत हे दिसू लागले आणि पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज देण्याला आधार मिळाला. जानेवारी 2022 मध्ये अंधेरीजवळ वेरावली येथे दुसरे रडार सुरू झाले. एकाच रडारवर अवलंबून असलेले शहर त्या रडारच्या दुरुस्तीच्या दिवशी आंधळे होते, म्हणून दुसऱ्याचे महत्त्व दुप्पट नव्हे, त्याहून जास्त आहे.

तिसरा टप्पा या दुसऱ्या रडारच्या थोडा आधीचा, 12 जून 2020 चा. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने महापालिकेच्या सहकार्याने तयार केलेली आयफ्लोज ही एकात्मिक पूर-इशारा प्रणाली त्या दिवशी मुंबईसाठी सुरू झाली. चेन्नईमध्ये तशी प्रणाली आधी आली होती. पावसाचे अंदाज, पर्जन्यमापकांच्या नोंदी, मिठी, दहिसर, ओशिवरा, पोयसर आणि उल्हास या नद्यांचे प्रवाह, भरतीची पातळी, जमिनीचे चढउतार आणि वस्तीची माहिती एकत्र करून कोणत्या भागात किती पाणी साचू शकेल याचा अंदाज 6 ते 72 तास आधी देणे हे तिचे काम. विचाराच्या दृष्टीने ही उडी मोठी होती. ‘किती पाऊस पडेल’ या प्रश्नावरून यंत्रणा ‘पाणी कुठे चढेल’ या प्रश्नाकडे वळली. पाऊस हे कारण आहे, माणसाला हवा असतो परिणाम.

तरीही या सगळ्याचा जो भाग सामान्य माणसापर्यंत येतो तो रंगाचा. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. रंग ठरवताना पावसाचे प्रमाण, त्याची शक्यता आणि त्यातून होऊ शकणारा परिणाम यांचा विचार होतो. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार आणि 204.4 च्या पुढे अतिवृष्टी, अशा श्रेणी आहेत. पण रंग जिल्ह्यासाठी असतो आणि दिवसासाठी असतो. मलबार हिलच्या उतारावरचा सातवा मजला आणि क्रांतीनगरचे तळघरासारखे खोल गेलेले घर या दोघांना एकच लाल रंग मिळतो. त्यातल्या एकाला छत्री घ्यायची असते आणि दुसऱ्याला घर सोडायचे असते.

अंदाज चुकतो तेव्हा काय होते याचे उदाहरण एकाच जोडीत मिळते. 8 जुलै 2024 ला पहाटे 1 ते सकाळी 7 या सहा तासांत शहरात काही ठिकाणी 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. माणसे जागी झाली तेव्हा रूळ पाण्याखाली होते. दुसऱ्या दिवसासाठी रेड अलर्ट आला, शाळा बंद ठेवल्या गेल्या आणि तो दिवस बऱ्याच भागांत जवळपास कोरडा गेला. हवामानशास्त्राच्या दृष्टीने यात लाजिरवाणे काही नाही. अरबी समुद्रावरचे ढग किनाऱ्याला समांतर असलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याच्या (द्रोणीय रेषेच्या) आधाराने कुठे थबकतील आणि कुठे पुढे सरकतील, हे वीस किलोमीटरच्या अचूकतेने आदल्या दिवशी सांगणे आजही जगात कोणाला सहज जमत नाही. मात्र रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने त्या दिवशी खाडा केला असेल तर तिच्या लेखी तो इशारा एका दिवसाच्या मजुरीला पडला, आणि पुढच्या लाल रंगाकडे ती त्याच हिशेबाने पाहणार. आपण ‘लोक इशारे गांभीर्याने घेत नाहीत’ असे म्हणतो तेव्हा हा हिशेब धरत नाही.

याच नदीकाठावर राहणाऱ्या, चार घरी स्वयंपाकाची कामे करणाऱ्या एका काकूंना मी मागच्या वर्षी विचारले होते की मोबाइलवर आलेले संदेश त्या पाहतात का. “अहो, लाल काय नि पिवळा काय, फोन दिवसभर वाजतच असतो,” त्या म्हणाल्या. “आमच्या शेवटच्या पायरीला पाणी लागलं की आम्ही उठतो. तोवर कशाला?” या उत्तरात बेफिकिरी नाही. त्यांनी स्वतःची पातळी ठरवलेली आहे, ती पातळी त्यांच्या घराची आहे, आणि तिला ठरलेली कृती जोडलेली आहे. सरकारी भाषेत यालाच उंबरठा-पातळी म्हणतात. त्यांच्या पातळीत एकच दोष आहे, तो म्हणजे पायरीला पाणी लागल्यानंतर हातात फार वेळ उरत नाही.

नदी आणि समुद्र

मिठीची पातळी वाचणे इतर नद्यांसारखे सरळ नाही. ती माहीमच्या खाडीत उतरते, त्यामुळे तिच्या शेवटच्या टप्प्यात समुद्राचीही सत्ता चालते. भरती असेल तर नदीचे पाणी बाहेर जायला जागा नसते आणि उधाणाची भरती मोठ्या पावसाशी जुळली तर पाणी मागे फुगते. 26 जुलै 2005 च्या दुपारी हेच झाले. भरतीचे वेळापत्रक मात्र वर्षभर आधी मिनिटामिनिटाने माहीत असते आणि साडेचार मीटरहून मोठ्या भरतींचे दिवस पालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. या शहराच्या हवामानात खात्रीने सांगता येईल असा हाच एक घटक आहे. म्हणून पाणीपातळी, भरतीची वेळ आणि वरच्या भागातला गेल्या दोन तासांचा पाऊस, ही तीन माहिती एकत्र ठेवली की कुर्ल्याच्या काठासाठी तासा-दोन तासांचा उपयोगी अंदाज बांधता येतो. त्यासाठी दर वेळी महासंगणक लागत नाही.

आयआयटी मुंबईत प्रा. सुबिमल घोष यांच्या गटाने महापालिकेच्या सहकार्याने गेल्या काही वर्षांत जे काम केले, ते याच दिशेचे आहे. पाणी तुंबणाऱ्या निवडक जागी पातळी मोजणारी यंत्रे बसवली गेली, ताशी पावसाचा अंदाज लोकांना पाहता येईल असे संकेतस्थळ आणि अॅप आले, आणि आपल्या रस्त्यावर पाणी घोट्यापर्यंत आहे की गुडघ्यापर्यंत, हे नागरिकांनाच कळवता येऊ लागले. शेवटची सोय मला विशेष वाटते, कारण मुंबईकर हे काम व्हॉट्सॲपवर आधीपासून करतच होता. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट यांची खबर हवामान खात्याच्या आधी रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर येते.

शाळेपर्यंतचे अंतर

आता 19 ऑगस्टच्या सकाळीकडे परत येऊ. क्रांतीनगर का हलले? पाऊस सांताक्रूझला 2005 च्या चौथ्या भागाएवढाच होता. अंदाज आधीपासून होता हे खरे, पण अंदाज तर सगळ्या शहरासाठी होता. येथे फरक पडला तो काही जोडण्यांमुळे, ज्या एकेकट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतील.

पहिली जोडणी आकड्याची. मिठीच्या पातळीचा आकडा एका जागेचा आहे, तो वाढताना दिसतो आणि कोणत्या आकड्याला कोणती वस्ती धोक्यात येते हे अनुभवाने ठरलेले आहे. दुसरी जोडणी माणसाची. पातळी चढली की निर्णय कोणी घ्यायचा हे एल विभागात, म्हणजे कुर्ल्याच्या पालिका वॉर्डात, सर्वांना माहीत असते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीही त्या भागात येऊन थांबलेली असते. तिसरी जागेची. माणसांना ‘सुरक्षित स्थळी जा’ असे सांगितले जात नाही, त्यांना त्यांच्या मुलांची रोजची शाळा दाखवली जाते, जी चालत गाठता येते. आणि चौथी, जिच्याबद्दल अहवालांत फार लिहिले जात नाही, ती सवयीची. 2019 च्या पावसाळ्यातही याच वस्तीतून हजारभर माणसांना हलवावे लागले होते. ज्या बाईने एकदा शाळेच्या वर्गात बाकावर रात्र काढली आहे तिला दुसऱ्यांदा समजावत बसावे लागत नाही; ती फक्त एवढेच विचारते की शाळेचे स्वच्छतागृह उघडे आहे का.

वस्तीत फिरणाऱ्या लाऊडस्पीकरबद्दलही थोडे सांगायला हवे. पावसाच्या आवाजात पत्र्याच्या घरात बसलेल्या माणसाला गल्लीच्या तोंडावरून केलेली घोषणा ऐकू येत नाही. प्रत्यक्षात काम होते ते दारावर थाप मारून, आणि थाप मारणारा ओळखीचा असावा लागतो. मंडळाचा मुलगा, अंगणवाडीच्या ताई, रेशन दुकानदार यांच्यापैकी कोणी ‘चला, उठा आता’ म्हटले की घर उठते. गणवेशातल्या माणसाने तेच म्हटले की आधी वाद होतो, कारण नदीकाठच्या वस्तीत गणवेश बहुतेक वेळा झोपडी पाडायला आलेला असतो. पुनर्वसन आणि बेकायदा बांधकामे हा वेगळा विषय आहे, त्यात येथे शिरत नाही, मात्र इशाऱ्यावर विश्वास बसण्यात किंवा न बसण्यात त्याचा वाटा असतो हे नोंदवले पाहिजे. घर सोडले तर घराचा दावाही जाईल ही भीती पुराच्या भीतीइतकीच खरी आहे. म्हणून बाहेर पडताना सर्वांत आधी उचलली जाते ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे: रेशनकार्ड, आधार, वीजबिल, फोटोपास. मग औषधे, मग मुलांची दप्तरे. फ्रिज आधीच विटांवर चढवलेला असतो.

त्याच दिवशी, त्याच इशाऱ्याखाली, वाहतुकीत काय झाले ते पाहिले तर या जोडण्यांचे महत्त्व कळते. रुळांवर पाणी आल्याने हार्बर मार्ग बंद पडला. तो बंद पडल्यावर पर्याय म्हणून माणसे मोनोरेलकडे वळली, क्षमतेहून जास्त गर्दी झाली आणि संध्याकाळी चेंबूर ते भक्ती पार्कदरम्यान म्हैसूर कॉलनीजवळ गाडी मध्येच अडकली. पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाला शिडीवरून उतरवावे लागले. पावसाचा इशारा होता, सुट्टीचे आवाहन होते, तरीही एक मार्ग बंद पडला की त्याची माणसे कुठे जातील आणि तेथे कोणी थांबवायचे, हे कोणत्याही इशाऱ्यात लिहिलेले नव्हते. घरून काम करा हे सांगणे ज्यांना लागू होते त्यांनी केले. वॉचमन, नर्स, दुकानातली पोरे, घरकामाच्या बाया यांना ते लागूच नव्हते, आणि ती सगळी माणसे दुपारनंतर परतीच्या वाटेवर होती.

डोंगरउतारावर

नदीच्या बाबतीत जे जमले ते उताराच्या बाबतीत अजून जमलेले नाही. 17 आणि 18 जुलै 2021 च्या मध्यरात्री चेंबूरच्या भारतनगरमध्ये भिंत आणि दरड घरांवर कोसळली, विक्रोळीच्या सूर्यनगरमध्येही तसेच झाले आणि दोन्ही ठिकाणी मिळून पंचवीसहून अधिक माणसे गेली. जुलै 2000 मध्ये घाटकोपरला दरड कोसळून आणि 2 जुलै 2019 च्या पहाटे मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून झालेल्या दुर्घटना याच जातीच्या. दर पावसाळ्याआधी दरडप्रवण वस्त्यांना स्थलांतराच्या नोटिसा दिल्या जातात. नोटीस हा इशारा नव्हे. ती मे महिन्यात येते, चार महिने लागू असते आणि तिच्यात जायचे कुठे हे लिहिलेले नसते. चार महिने घर सोडायला सांगणे आणि एका रात्रीपुरते शाळेत जायला सांगणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले कोणी करू शकत नाही, दुसरे बहुतेक जण करतील.

येथे अडचण अशी की उताराला मिठीसारखी पातळी नसते. माती किती भिजली आहे, मागच्या तीन दिवसांत किती पाऊस झाला, गेल्या तासात किती जोर होता, यांवरून धोका वाढल्याचे सांगता येते, कोणती भिंत कधी पडेल हे सांगता येत नाही. पण शंभराहून अधिक पर्जन्यमापक असलेल्या शहरात, ठरावीक वस्तीच्या वरच्या यंत्राने तीन दिवसांचा आणि तासाचा अमुक आकडा ओलांडला की रात्री अकराच्या आत त्या वस्तीची शाळा उघडायची, एवढा नियम करायला नवे यंत्र लागत नाही. चुकीचे इशारे होतील. वर्षातून पाच रात्री माणसे शाळेत झोपतील आणि चार रात्री काही होणार नाही. हा खर्च कोणी उचलायचा, शाळेत चहा-नाश्ता आणि अंथरुणाची सोय कोण करणार, सकाळी तेच वर्ग भरायचे कसे, हे प्रश्न अवघड आहेत. पण ते हवामानशास्त्राचे प्रश्न नाहीत, वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर सुटणारे आहेत. जगातल्या प्रत्येक माणसापर्यंत 2027 अखेरपर्यंत पूर्वसूचना पोहोचावी असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी 2022 मध्ये जाहीर केले. मुंबईत मोबाइलवर संदेश पोहोचण्याचा प्रश्न जवळपास सुटलेला आहे. उतारावरच्या माणसाला त्या संदेशानंतर कुठे जायचे हा प्रश्न सुटलेला नाही.

परतीचा निरोप

या प्रकरणातील एक बाजू शेवटी सांगायची राहिली आहे, आणि ती क्रांतीनगरच्या यशातच दडलेली आहे. माणसांना हलवण्याचा निर्णय आकड्यावर झाला, परत पाठवण्याचा मात्र कशावर झाला हे विचारले तर नेमके उत्तर मिळत नाही. पातळी उतरू लागली, पाऊस थांबला आणि पुरुष एकेक करून घर पाहायला निघाले, त्यांच्या मागोमाग बायका, मग मुले. रेड अलर्ट दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात बदलतो; पण ‘आता घरी जा, मीटर तपासल्याशिवाय दिवा लावू नका, नळाचे पाणी उकळून प्या, चिखलातून अनवाणी चालला असाल तर लेप्टोची गोळी घ्या’ असा धोका सरल्याचा निरोप त्याच ओळखीच्या आवाजात, त्याच दारावर थाप मारून येत नाही. मुंबईत पुरानंतरच्या दिवसांत विजेचा धक्का आणि लेप्टोस्पायरोसिस यांनी माणसे जातात हे 2005 पासून माहीत असूनही, इशाऱ्याची यंत्रणा पाणी चढण्याशी बांधलेली आहे, उतरण्याशी नाही.

ज्या काकूंचा उल्लेख वर केला त्या ऑगस्टच्या त्या दिवशी शाळेत होत्या. पाणी गेले हे त्यांना कसे कळले, असे मी नंतर विचारले. शाळेच्या मागच्या खिडकीतून नाल्याच्या भिंतीवरची एक जुनी चिऱ्याची ओळ दिसते. ती उघडी पडली की गल्ली मोकळी होते, हे त्यांना सासूबाईंनी सांगितले होते. ती ओळ दिसल्यावर त्या निघाल्या. घरात घोटाभर चिखल होता आणि मीटरच्या पेटीतून पाणी ठिबकत होते. त्यांनी मुलाला बाहेर थांबवले, चपला काढल्या नाहीत आणि शेजारच्या वायरमन दादांची वाट पाहत दारातच उभ्या राहिल्या.